निळ्या पेनड्राइव्हची साथ

"फिल्म गेली," वकील म्हणाला.

"गेली म्हणजे? कुठे गेली?" खारूने विचारलं.

"ते मला माहीत असतं तर गेली कशाला म्हटलं असतं? सकाळी मी स्वतः या पेनड्राइव्हमध्ये टाकली. आता तिच्या जागी हे बसलंय."

वकिलाच्या घरच्या संगणकाच्या पडद्याकडे चौघांची डोकी एकदमच झुकली आणि एकमेकांवर आपटली. पडद्यावर फोल्डरचं एकच पिवळं चित्र होतं आणि त्याच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण. वकिलाने त्यावर दोनदा क्लिक केलं. क्षणभर एक काळी खिडकी लपकन उघडली आणि मिटली. पुढे काहीच नाही.

"काळं काय होतं ते?" खारूने विचारलं.

"कुठे काय होतं?"

"आत्ता दिसलं ना. डोळा मारल्यासारखं."

"तुला संगणकसुद्धा डोळे मारायला लागले," वकील म्हणाला. शेपूट खिदळला. खारू मात्र हसली नाही.

खारूचा स्वभावच काळजीचा. घराला कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघितल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. खिशात बटणं, रबरबँड, पेन्सिलींचे तुकडे, काय लागेल ते असावं म्हणून साठवलेलं. त्यामुळे तिला खारू म्हणत. तिचा धाकटा भाऊ ती जाईल तिथे मागे, म्हणून तो शेपूट. दोघं सुट्टीला आत्याकडे आली होती. वकील शेजारचा. "आज ऊन आहे" म्हटलं तरी "पुरावा काय?" विचारणारा. आणि चौथी तुरतुरी.

तुरतुरीचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. ती अगदी लहान असल्यापासूनच. तरी शर्यतीत ती वकिलाला सहज मागे टाकायची. पण या सुट्टीत ती हळू चालत होती, मध्येच थांबून भिंतीला टेकत होती. ती वाढली होती आणि पाय तेवढाच राहिला होता. ज्यात तिच्या पायाचा गुडघ्याखालचा उरलेला भाग बसायचा ते सॉकेट इतकं घट्ट झालं होतं की कातडी सोलून निघत होती.

खारूची आत्या असे पाय बनवायची. मागच्या आठवड्यात तिच्या कारखान्यात खास कॅमेरा घेऊन माणसं आली होती. त्यांनी तुरतुरीच्या आणि आणखी बऱ्याच जणांच्या पायांची सगळ्या बाजूंनी मापं घेतली आणि ती संगणकात भरली. आता त्या मापांवरून मशीन फोमचे साचे कोरणार होतं आणि साच्यांवरून नवे पाय होणार होते. चौघांनी फिल्म काढायला घेतली होती ती याचीच.

"झेरॉक्सवाल्या काकांना दाखवू," तुरतुरी म्हणाली. "त्यांना संगणकातलं कळतं."

झेरॉक्सच्या दुकानात गर्दी नव्हती. कॉलेजात जाणारी एक ताई तेवढी काउंटरवर हात टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, माझा प्रोजेक्ट होता हो यात. उद्या द्यायचाय. आता नुसता हा बाण दिसतोय."

"बिघडलाय पेनड्राइव्ह. फॉरमॅट करून देतो, नव्यासारखा होईल," काका म्हणाले आणि तिने हो म्हणायच्या आत त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

"आणि प्रोजेक्ट?"

"तो आता कुठला? फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. कोरी पाटी."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी पेनड्राइव्ह तिच्या हातात ठेवला. निळा पेनड्राइव्ह, नारिंगी दोरी. खारूने वकिलाच्या मुठीकडे पाहिलं. तोच निळा, तीच नारिंगी दोरी.

"चल," ती पुटपुटली आणि वकिलाला बाहीला धरून बाहेर ओढलं.

"अगं, पण माझा नंबर होता."

"तुझी फिल्मही पुसून घ्यायची होती का? वकील, हा पेनड्राइव्ह तुला कुठे मिळाला?"

"समोर. क्लासवाल्या सरांनी दिला. फुकट."

रस्त्यापलीकडे नव्या कॉम्प्युटर क्लासची पाटी झळकत होती. दारात टेबल मांडून सर उभे होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यात निळे पेनड्राइव्ह घालत होते. हसतमुख माणूस. आजोबांना "काका" आणि काकांना "दादा" म्हणणारा.

"त्या पेनड्राइव्हलाच काहीतरी रोग आहे," खारू म्हणाली.

"दोघांचे बिघडले म्हणून सगळे रोगट? हा काही पुरावा नाही," वकील म्हणाला.

"मग पुरावा मिळवू," तुरतुरी म्हणाली. ती पायरीवर बसून सॉकेटची कड सैल करत होती. "नवा पाय बसवला की आत्या मला लगेच रस्त्यावर सोडत नाही. आधी दोन दांड्यांच्या मधे चालवते. पडले तरी लागणार नाही अशा जागी. तसंच करायचं. ज्या संगणकात काहीच नाही, त्यात घालून बघायचं."

वकिलाने जाऊन सरांकडून आणखी एक पेनड्राइव्ह आणला. सीलबंद, पारदर्शक पाकिटातला.

वकिलाच्या आजोबांकडे एक जुना लॅपटॉप होता. त्याला इंटरनेट नव्हतं.

"आजोबा, यात पत्त्यांशिवाय काही आहे का?" वकिलाने विचारलं.

"पत्ते आहेत, आणि त्यातही मीच हरतो. न्या," आजोबा म्हणाले.

खारूने खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला. त्यात एकच गोष्ट होती: शेपटाचा गाल फुगवलेला फोटो. तो लॅपटॉपवर उघडला, गाल नीट दिसले, आणि पेनड्राइव्ह बाहेर काढला. मग वकिलाने पाकीट फोडून निळा पेनड्राइव्ह घातला. क्लासच्या जाहिरातीचा फोल्डर दिसला. कोपऱ्यात वाकडा बाण. क्लिक. काळी खिडकी लपकन उघडली, मिटली.

"हे मात्र मी पाहिलं," वकील म्हणाला.

निळा काढला. आता पुन्हा खारूचा. पेनड्राइव्ह आत गेला, एक लहानसा आवाज झाला, आणि पडद्यावर फोल्डरचं पिवळं चित्र आलं. बाणासकट. फोटो नव्हता.

"माझे गाल," शेपूट हळूच म्हणाला.

खारूचा पेनड्राइव्ह निळ्याला शिवलासुद्धा नव्हता. दोघांच्या मधे होता तो फक्त लॅपटॉप. सर्दीसारखं होतं हे. एकाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला. आणि सुरुवात सीलबंद पाकिटातून.

"माझी हार," वकील म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द कुणी पूर्वी ऐकले नव्हते. "व्हायरस आहे. आणि तो आता आमच्या घरच्या संगणकातही आहे. बाबा मला सोडणार नाहीत."

"कारखान्यातल्या फोरमनकाकांना पण सांगायला पाहिजे," शेपूट म्हणाला.

"त्यांना कशाला?"

"त्यांच्या गळ्यात पण निळाच आहे. सकाळी म्हणत होते, आता पायांची मापं यातूनच मशीनला नेणार. जुना छोटा पडतो."

खारू ताडकन उठली. तिने आत्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. आत्या दवाखान्यात कुणाला तरी पाय बसवायला गेली होती, आणि तशा वेळी ती फोन पिशवीत टाकून देई. कारखान्याचा फोन लावला. तोही कुणी उचलेना. मशीनच्या खोलीत काही ऐकूच येत नसे.

"पळा," ती म्हणाली, आणि लगेच तिची नजर तुरतुरीकडे गेली.

"मी मागून येते. तुम्ही व्हा पुढे," तुरतुरी म्हणाली.

"मागून कशाला? सायकल आहे ना," वकील म्हणाला.

तुरतुरी कॅरिअरवर बसली, वकील उभ्याने पॅडल मारू लागला आणि खारू-शेपूट दोन्ही बाजूंनी धावत सुटले. वाटभर खारूच्या डोक्यात एकच घोळत होतं. ती कॅमेऱ्याची माणसं गावोगाव फिरतात. पुन्हा इकडे यायला त्यांना कित्येक महिने लागतील. मापं गेली तर तुरतुरीला तितके महिने याच पायावर काढावे लागतील. की काढताच येणार नाहीत?

कारखान्यात प्लास्टरचा आणि गरम प्लॅस्टिकचा वास भरला होता. भिंतीला पाय टांगलेले होते, लहान, मोठे, काही बुटांसकट. आतल्या काचेच्या खोलीत फोरमनकाका मशीनच्या संगणकासमोर वाकले होते. त्यांच्या हातात निळा पेनड्राइव्ह होता.

"काका, थांबा. तो घालू नका," खारू धापा टाकत म्हणाली.

"का गं बाळा? काय झालं?"

"त्यात व्हायरस आहे. आम्ही तपासलंय."

फोरमनकाका हसले. चांगला माणूस, पण घाईचा. "या मशीनला इंटरनेटच नाही. व्हायरस काय भिंतीतून येणार?"

"भिंतीतून नाही, तुमच्या हातातून येणार," वकील म्हणाला. "काका, तुमचं म्हणणं असं की इंटरनेट नाही म्हणून धोका नाही. पण आजोबांच्या लॅपटॉपलाही—"

"तुझी वकिली संध्याकाळी ऐकतो. मला आज साचे लावायचेत. सरका."

त्यांनी पेनड्राइव्हचं टोक संगणकाकडे नेलं. खारूला वाटलं, झडप घालून हिसकावून घ्यावा. पण फोरमनकाकांच्या हातातून काही हिसकावणं सोपं नव्हतं. तो हात लोखंडी सळ्या वाकवायचा.

तेवढ्यात तुरतुरी लंगडत पुढे आली, मशीनसमोरच्या खुर्चीत बसली, पट्टा सोडून आपला पाय काढला आणि तो सरळ कीबोर्डवर ठेवला.

"काका, आधी हे बघा. फार लागतंय."

फोरमनकाका थबकले. तिच्या गुडघ्याखाली कातडी लालभडक झाली होती, एका जागी रक्त आलं होतं. कुणाचा पाय दुखतोय म्हटल्यावर फोरमनकाकांना जगातलं दुसरं काही दिसत नसे. त्यांनी पेनड्राइव्ह टेबलावर टाकला आणि खाली उकिडवे बसले.

"अगं पोरी, हे कधी झालं? सांगायचं नाही का? थांब, कापूस आणतो."

ते वळताच खारूने पेनड्राइव्ह उचलून मुठीत घट्ट धरला. तुरतुरीने तिच्याकडे पाहून ओठ दाबले. दुखत होतं ते काही नाटक नव्हतं.

जखमेवर कापूस लावून झाल्यावर खारू म्हणाली, "काका, एवढंच करा. हा पेनड्राइव्ह बाहेरच्या संगणकात पुन्हा लावून बघा. मापं ज्यातून घेतलीत त्यात. मापं दिसली तर आम्ही गप्प बसतो."

"त्यात काय, दिसणारच," म्हणत फोरमनकाका बाहेरच्या खोलीत गेले. पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर पिवळं चित्र आलं, आणि वाकडा बाण.

फोरमनकाकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बरं, मापं या संगणकात असतीलच ना अजून?" वकिलाने विचारलं. "तुम्ही कॉपीच केली असणार."

फोरमनकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. "संगणकात जागा कमी पडत होती. म्हणून मी... कट केली. उचलून इकडे टाकली."

"म्हणजे मापं फक्त या पेनड्राइव्हमध्ये होती?"

त्यांनी मान हलवली. कुणालाच तुरतुरीकडे बघवेना. ती एका पायावर दाराला धरून उभी होती.

"सरांना बोलावतो," फोरमनकाका म्हणाले आणि स्वतःच धावत गेले. सर आले तेही हसतच. त्यांनी पडद्यावर एक नजर टाकली.

"एवढंच ना? फॉरमॅट मारा. पाच मिनिटांत ओके. पेनड्राइव्ह हवे तर आणखी देतो."

त्यांनी माउस हातात घेतला. पडद्यावर प्रश्न उमटला: सगळं पुसायचं का? खारूला दुकानातल्या ताईचा चेहरा दिसला. तिने सरांच्या हातावर हात ठेवला. मोठ्या माणसाला असं अडवायची तिची पहिलीच वेळ. तिचे कान तापले.

"नको सर. प्लीज. मला एक बघू द्या."

"काय बघणार? रिकामा आहे तो."

"रिकामा आहे का, तेच बघायचंय."

तिने पेनड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून माहिती उघडली. पडद्यावर एक वर्तुळ आलं. ते जवळजवळ पूर्ण भरलेलं होतं.

"आत काही नसेल, तर हा भरलाय कशाने?" ती म्हणाली.

सरांचं हसू थोडं ओसरलं. वकील उडी मारून पुढे आला. "फाइली गेल्या नाहीत. लपवल्यात."

शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत एकदा बाईंनी लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय दाखवला होता. खारूने एक एक मेन्यू वाचत तो शोधला आणि खूण केली. काहीच झालं नाही. ती खाली खाली वाचत गेली. आणखी एक चौकोन होता, संगणकाच्या स्वतःच्या महत्त्वाच्या फाइली लपवणारा. त्यातली खूण काढायला गेल्याबरोबर इशारा आला: असं केल्याने संगणक बिघडू शकतो, नक्की का?

तिचं बोट थांबलं. बिघडला तर? मापं आत्तापर्यंत निदान आत तरी आहेत. आपणच ती घालवली तर?

"वकील, तुला काय वाटतं?"

"फक्त दाखवायला सांगतोय आपण. पुसायला नाही." पण त्याचाही आवाज बारीक झाला होता.

"कर," तुरतुरी दारातून म्हणाली. "पाय माझा आहे. मी सांगते, कर."

खारूने हो म्हटलं.

पडद्यावर एक फिकट फोल्डर हळूच उमटला. त्याला नावच नव्हतं. नाव असायचं तिथे नुसती मोकळी जागा. शेजारी एक विचित्र अक्षरांची छोटी फाइल.

"त्या छोट्या फाइलला हात लावू नका," खारू म्हणाली आणि बिननावाचा फोल्डर उघडला. आत सगळी मापं होती. एकाखाली एक, सगळ्यांचे पाय. तुरतुरीचाही.

फोरमनकाका खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"चला, झालं तर मग. द्या आता मशीनला," सर म्हणाले.

"नाही," खारू म्हणाली. "आधी दुसरी प्रत. नुसत्या मापांची. आणि आत्या येईपर्यंत मशीनला काही लावायचं नाही."

संगणकातल्या फोरमनकाकांच्या जुन्या फाइली हलवून जागा केली आणि मापांची कॉपी सुरू झाली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. खारूची नखं तळहातात रुतली होती. शेपूट तोपर्यंत मशीनच्या खोलीत गेला आणि त्याने यूएसबीच्या भोकांवर इतकी चिकटपट्टी लावली की ती नंतर कात्रीने कापावी लागली.

वकील मात्र सरांसमोर उभा होता. "सर, तुमच्या क्लासच्या संगणकांवर अँटिव्हायरस आहे?"

"होता. पण संगणक फार हळू चालायचे. म्हणून बंद केला."

"आणि जाहिरात पेनड्राइव्हमध्ये भरली ती त्याच संगणकांवरून?"

सरांनी गळ्यातली नारिंगी दोरी काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "पिशवीभर वाटले मी."

त्याच वेळी आत्या दारात आली. सगळं ऐकून घेईपर्यंत ती उभीच होती. मग तिने मशीनची देखभाल करणाऱ्या ताईंना फोन लावला, आणि फोन ठेवल्यावर खारूच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या म्हणाल्या, मशीनच्या संगणकात हे शिरलं असतं तर महिनाभर कारखाना बंद. आणि फॉरमॅट केलं असतं तर मापं गेलीच होती. खारू, तू फार काळजी करतेस म्हणून मी तुला किती वेळा बोलले. यापुढे नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी सर घरोघरी निघाले, पेनड्राइव्ह परत मागायला. चौघं बरोबर होते, कारण कुणी तक्रार केली की सर गडबडायचे आणि मग समजावून सांगावं लागायचं: बाण दिसला तर उघडू नका, फॉरमॅट करू नका, आधी संगणक तपासून घ्या. कॉलेजातली ताई दारात आली तेव्हा सरांची मान खाली गेली. तिचा प्रोजेक्ट काही परत आला नाही. सर तिच्या कॉलेजात जाऊन तिच्या बाईंना भेटले, चूक सांगितली, आणि तिला आठवडाभराची मुदत मिळाली. वकिलाच्या वडिलांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "घरचा संगणक बिघडवल्याबद्दल बोलणारच होतो. पण कारण समजल्यावर काय बोलू?"

देखभालीच्या ताईंनी कारखान्याचा, वकिलाच्या घरचा आणि आजोबांचा, तिन्ही संगणक स्वच्छ केले. फिल्मही सापडली, तशाच एका बिननावाच्या फोल्डरमध्ये. शेवटी त्यांनी एका नव्या पेनड्राइव्हमध्ये मापं भरून फोरमनकाकांच्या हातात दिली.

फोरमनकाका मशीनपर्यंत गेले. थांबले. मागे वळून त्यांनी पेनड्राइव्ह खारूपुढे धरला.

"तू बघ आधी. तू हो म्हणालीस तरच लावतो."

"अहो काका, ताईंनी तपासलाय."

"तरी पण."

खारूने तो बाहेरच्या संगणकाला लावला. तपासणी पूर्ण होऊ दिली. फाइली दिसल्या, स्पष्ट, नावासकट. बाण कुठेही नव्हता.

"हो," ती म्हणाली.

मशीन गुरगुरलं. काचेआड फोमच्या ठोकळ्यावर पातं फिरू लागलं आणि पांढरा भुगा उडाला. आधी नुसता ओबडधोबड खांब दिसत होता. मग त्याला बाक आला, मग पुढच्या बाजूला हाडाची बारीक कड उठली. तुरतुरीने काचेला नाक लावलं होतं. तिने एकदा स्वतःच्या पायाकडे पाहिलं, एकदा आत.

"माझाच आहे," ती म्हणाली, आणि खारूने मुठी सैल सोडल्या.